उरलेल्या रंगांचं कपाट

मुलीनं आणि जावयानं पुण्यात कोंढव्याला फ्लॅट घेतला, त्याला आता दीड वर्ष होईल. घर घेतलं की ते सजवणं ओघानं आलंच. एका रविवारी ती मला फर्निचरच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकान कसलं, थंडगार महालच तो. तिथं एका कोपऱ्यात, दिव्याच्या झोतात, एक जाळीचं कपाट उभं होतं. आपल्याकडं स्वयंपाकघरात असायचं ना, दूध, भाकरी, रात्रीचं उरलेलं कालवण झाकून ठेवायला, तसलंच. फिकट निळा रंग, जागोजागी पापुद्रे निघालेले, कडांना लाकूड उघडं पडलेलं. मी मुलीच्या कानाशी लागून म्हटलं, "अगं, हे रंगवायचं राहिलंय वाटतं. काही कमी करतात का विचार."

ती हसायलाच लागली. म्हणाली, "पप्पा, हे शॅबी शिक आहे. हे असंच असतं."

चिठ्ठीवर किंमत होती २८ हजार रुपये.

शॅबी म्हणजे गबाळं, कळकट. शिक म्हणजे ऐटबाज, डौलदार. ही दोन माणसं एका घरात कशी नांदणार, असा मला प्रश्न पडला. मराठीत याला काय म्हणावं याचा मी परतीच्या एस.टी.त कऱ्हाड येईपर्यंत विचार करत होतो. आपल्याकडं 'जुनेर' असा एक सुंदर शब्द आहे. वापरून मऊ झालेलं, विटलेलं लुगडं म्हणजे जुनेर. त्यावरून 'जुनेराचा थाट' म्हणता येईल. पण जुनेर हा शब्द आपण कधी थाटाच्या शेजारी ठेवलेला नाही, आणि माझं आजचं सगळं बोलणं त्याबद्दलच आहे.

ही कल्पना मूळची इंग्लंडातली. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या जमीनदारी हवेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेच सोफे, तेच विटलेले फुलाफुलांचे पडदे वापरत. कुत्र्यांनी कापड फाडलं तरी बदलायची घाई नसे. आपण श्रीमंत आहोत हे कुणाला दाखवायचं नसलं की माणूस फाटक्या सोफ्यावर निवांत बसू शकतो. १९८०च्या दशकात घरसजावटीच्या मासिकांतून या थाटाला 'शॅबी शिक' हे नाव पडलं. मग रेचल ॲशवेल नावाच्या इंग्रज बाईंनी १९८९ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथं याच नावाचं दुकान काढलं. लहानपणापासून लंडनच्या जुन्या बाजारांत हिंडून त्यांची नजर तयार झालेली. जुनं लाकडी सामान पांढऱ्या रंगात रंगवायचं, झिजलेलं तसंच ठेवायचं, सोफ्यांना धुता येतील अशी सैल पांढरी खोळ घालायची. घरात मुलंबाळं असणाऱ्या बाईला सुचावी अशीच ही गोष्ट आहे, आणि तिथपर्यंत मला ती आवडते. डाग पडला तर खोळ धुऊन काढा, पोरावर ओरडू नका. पुढं त्यांची पुस्तकं निघाली, दुकानं वाढली, २००९च्या मंदीत कंपनीनं दिवाळंही काढलं. पण फॅशन काही गेली नाही. ती जगभर फिरून कोंढव्याला पोहोचली.

दुकानातल्या त्या कपाटाची चौकशी केली तेव्हा कळलं की ते जुनं नव्हतंच. आंब्याच्या लाकडाचं, जोधपूरला बनवलेलं, कोरं करकरीत. जोधपूरहून असलं फर्निचर परदेशीही मोठ्या प्रमाणावर जातं. नवं सामान जुनं कसं करतात, हे तिथल्या पोरानं मला फार हौसेनं सांगितलं. आधी एक गडद रंग द्यायचा. तो वाळला की जिथं झीज दाखवायची तिथं मेणबत्ती घासायची. वर दुसरा फिका रंग मारायचा. मेणावर रंग धरत नाही, म्हणून वाळल्यावर पॉलिशपेपर मारला की तेवढाच भाग निघून येतो आणि खालचा रंग डोकावतो. लाकडाला पोचे आणायला साखळीनं बडवायचं. कीड लागल्याची भोकं हवीत तर अणकुचीदार दाभणानं टोचायचं. दोन रंगांच्या मध्ये सरसासारखा गोंद लावला की वरच्या रंगाला भेगा पडतात, शेताला दुष्काळात पडतात तशा.

हे ऐकताना मला हसूही येत होतं आणि घशाशी काहीतरी अडकतही होतं. कारण माझे अब्बा रंगारी होते.

कऱ्हाडात आणि आसपासच्या गावांत त्यांनी चाळीसएक वर्षं घरं रंगवली. दसरा-दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नाही, पावसाळ्यात हाताला काम नाही, असा तो धंदा. पापुद्रे निघणं, भेगा पडणं, खालचा रंग वर दिसणं, हे सगळे त्यांच्या लेखी गुन्हे होते. एकदा एका बंगल्याच्या दाराला भेगा पडल्या. खालचा हात ओला असताना घाईनं वरचा हात मारला होता, कारण मालकालाच घाई होती. पण मजुरी निम्मी कापली गेली ती अब्बांची. त्या दिवशी ते घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. तोच दोष आज मुद्दाम गोंद लावून आणतात आणि त्याची वेगळी किंमत लावतात, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून ते लांबी करायचे. आमच्या अम्माच्या कणकेपेक्षा ती मऊ असे. भोकं, भेगा, खिळ्यांच्या खुणा लांबीनं बुजवायच्या, घासायच्या, पुन्हा बुजवायच्या. लाकडावर गेलेल्या वर्षांची खूण उरू द्यायची नाही, हेच त्यांचं काम.

आमच्याही घरी जाळीचं कपाट होतं. सागवानी नव्हे, कसल्या तरी जंगली लाकडाचं. दोन दारं, दोन्हीला तारेची जाळी, आत तीन खण. मुंग्या चढू नयेत म्हणून चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. दर रमजान ईदच्या आधी अब्बा ते रंगवायचे. घराच्या भिंतींना चुना, आणि कपाटाला ऑइलपेंट. पण तो ऑइलपेंट विकतचा नसायचा. लोकांच्या कामावर डब्याच्या तळाशी जो रंग उरतो, तो मालकाला विचारून ते घरी आणायचे. विचारून, हे महत्त्वाचं. एकदा एका मुकादमानं "घेऊन जा की, कोण बघतंय" म्हटलं, तर अब्बा डबा तिथंच ठेवून आले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला विचारून घेऊन आले.

त्यामुळं आमच्या कपाटाचा रंग दर वर्षी गावातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीचा असे. एका वर्षी शाळेच्या खिडक्यांचा निळा. एका वर्षी दवाखान्याचा पिस्ता. एकदा बँकेच्या लोखंडी दाराचा करडा. तो अम्माला अजिबात आवडला नव्हता, वर्षभर ती त्याला 'तिजोरी' म्हणायची. एका वर्षी वाड्याच्या दिंडीदरवाजाचा चॉकलेटी. मी शाळेत जाताना बोट दाखवून मित्रांना सांगायचो, हा रंग आमच्या घरी पण आहे.

आमचे सण चंद्रावर चालतात, त्यामुळं ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते. माझ्या शाळकरी वयात ती नेमकी पावसाळ्यात आली होती. १९८३ साली जुलैत. धो धो पाऊस, हवेत ओल, आणि कपाट रंगवलेलं. ऑइलपेंट वाळेना. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं पातेलं काढताना माझ्या नव्या पांढऱ्या सदऱ्याची बाही दाराला चिकटली आणि बाहीवर हिरवा पट्टा उमटला. मी रडलो. अम्मा अब्बांवर चिडली, की पाऊसपाण्याचं रंगवायची काय गरज होती. अब्बा आमच्या घरच्या दखनीत एवढंच म्हणाले, "ईद के दिन घर मैला नक्को."

पाहुणे येणार, शेजारपाजारचे शिरखुर्मा प्यायला येणार, आणि त्यांना रंग उडालेलं कपाट दिसणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. ज्याची ऐपत आहे त्याला जुन्यात राहण्याची मौज करता येते. आमच्या घरात जुनं लपवावं लागे, कारण आमच्याकडं जुन्याशिवाय काही नव्हतंच. मला तर शाळेतला मित्र घरी आला की आधी कपाटाकडं बघायची सवय लागली होती, कुठं पोपडा तर निघाला नाही ना?

अब्बा गेले, अम्मा गेली, फ्रिज आला. कपाट परसदारी गेलं. त्यात रद्दी, दिव्याचे जुने बल्ब, तुटक्या छत्र्या. ते टाकून द्यायचं माझ्या मनात कितीदा येऊन गेलं होतं, हे इथं कबूल करतो. दुकानातून परत आल्यावर दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. "पप्पा, दादाअब्बांचं कपाट आहे ना अजून? २८ हजार कशाला घालवायचे? मी तेच करून घेते." मला आनंद झाला. टेम्पो केला, पोतेऱ्यानं पुसून कपाट पाठवून दिलं.

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेलो. बाल्कनीत एक पोरगा तोंडाला रुमालही न बांधता कपाट घासत बसलेला. एक बाजू लाकडापर्यंत उतरली होती. सगळ्या बाल्कनीत रंगाची पूड, दोरीवर नातवाची दुपटी वाळत टाकलेली, आणि नातू, दहा महिन्यांचा, उंबऱ्यापर्यंत रांगत आलेला. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या बाल्कनीतले लोक बाहेर आले.

मुलीला वाटलं, मला अब्बांच्या रंगाचं वाईट वाटलं. मी सांगू लागलो, की जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. मागे रेडिओवरच एका डॉक्टरांच्या बोलण्यात मी ते ऐकलं होतं. पूर्वीच्या रंगांत पांढऱ्यासाठी सफेदा म्हणून शिशाचा क्षार वापरत, भडक पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांत शिशाचे क्रोमेट असत, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. अमेरिकेनं घरांसाठी असले रंग १९७८ सालीच बंद केले. आपल्याकडं त्याचा कायदेशीर नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं घरगुती रंगात असता कामा नये. म्हणजे त्याआधीचं दार, खिडकी, पाळणा, कपाट, काहीही असो, त्याच्या रंगात शिसं असू शकतं. रंग जागेवर चिकटून आहे तोवर धोका कमी. तो घासून त्याची पूड केली की ती जमिनीवर बसते, पोराच्या हातातून तोंडात जाते. वाढत्या मेंदूला त्याची इजा होते. शरीरात एवढं शिसं गेलं तर चालतं, असं कुठलंही सुरक्षित प्रमाण वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही.

मुलगी म्हणाली, "मग हे पंधरा दिवसांपूर्वी फोनवर का नाही सांगितलंत? तुम्हाला मुळात ते घासायलाच नको होतं. आता शिशाचं नाव पुढं करताय."

तिचं खोटं नव्हतं. फोनवर आनंदात मला शिसं आठवलंच नव्हतं. आणि बाल्कनीत ओरडलो तेव्हा आधी नातवाची भीती वाटली की त्या पिस्ता रंगाची पूड बघून पोटात तुटलं, हे मलाच अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही एका क्षणात झालं.

नातवाचं रक्त तपासून घेतलं. अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्ही सगळ्यांनी कसे काढले ते सांगत बसत नाही. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं. दुपटी टाकून दिली, बाल्कनी ओल्या फडक्यानं तीन-तीनदा पुसली. झाडू मारायचा नाही, झाडूनं पूड उडते. घासणाऱ्या पोराला मी समोर बसवून सगळं समजावलं. तो म्हणाला, "साहेब, आमाला कुनी सांगितलंच नाई." अब्बांना तरी कुणी सांगितलं होतं? चाळीस वर्षं ते दारं-खिडक्या कोरड्याच घासत आले. शेवटी शेवटी त्यांच्या हाताला कंप सुटला होता. चहाची बशी धरता येत नसे. तो वयाचा होता की रंगाचा, हे आम्ही त्या वेळी कुणालाच विचारलं नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाला आजीचं कपाट, आत्याचा पाळणा असा नव्यानं सजवायचा असेल तर जरूर सजवा. पण जुना ऑइलपेंट घरात कोरडा घासू नका. सुटलेले पोपडे ओल्या फडक्यानं पुसून काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा आणि वरून पारदर्शक वार्निशचे दोन हात द्या. खालचा रंग जागच्या जागी बंदिस्त होतो, आणि तुम्हाला हवी ती झीजही दिसत राहते. लहान मूल आणि गरोदर बाई त्या वेळी घरात नसलेली बरी. शंका असेल तर रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. आणि पॉलिशपेपर मारायची हौसच असेल, तर कोरं लाकूड घ्या, आजच्या नियमातला रंग घ्या आणि मेणबत्तीचा प्रयोग त्याच्यावर करा. त्यात माझी ना नाही.

रंग खरवडण्यावरून भांडणारा मी काही पहिला नव्हे. इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्या काळी जुनी चर्चेस 'मूळच्यासारखी' करण्याच्या नादात लोक मधल्या शतकांचा गिलावा खरवडून काढत होते. मॉरिस यांचं म्हणणं, मधली शतकंही त्या इमारतीचीच आहेत. त्या संस्थेला टोपणनावच पडलं 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडविरोधी. हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, ते चर्च होतं. हे भाकरी ठेवायचं कपाट आहे." मला उत्तर सुचलं नाही.

त्या अर्धवट खरवडलेल्या कपाटासमोर मग मी बराच वेळ बसून राहिलो. जिथं घासणं थांबलं होतं तिथं थर उघडे पडले होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. मला सात मोजता आले. खरी झीज कुठं असते तेही तेव्हा नीट पाहिलं. दुकानातल्या कपाटाच्या चारही कडा सारख्या झिजलेल्या होत्या. आमच्या कपाटाचं उजवं दार कडीपाशी झिजलं होतं, कारण अम्मा उजव्या हातानं उघडायची. डावं जवळजवळ शाबूत, ते कुणी उघडतच नसे. पाय खाली चार बोटं काळे पडून नरम झालेले, वाट्यांतल्या पाण्यानं. खालच्या खणाच्या कडेला माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर रंग गेलेला. गुळाचा डबा वरच्या खणात होता आणि मी तिथं पाय देऊन चढायचो. हे साखळीनं बडवून जमणारं काम नव्हे.

तरी दुकानातल्या त्या पोराला मी नावं ठेवणार नाही. मी कविता लिहितो, म्हणजे थोडाफार त्याच्याच धंद्यातला आहे. आयुष्यात विहिरीवरून एक घागर न आणलेला मी, तरुणपणी विहीर, रहाट, कंदील असलं सामान कवितेत मांडून बसायचो. लोकांना ते जुनं, खरं वाटायचं. टाळ्याही पडायच्या. रंगाऱ्याचा मुलगा असून रंगाच्या डब्यावर मात्र एक ओळ लिहिली नव्हती. त्याची लाज वाटायची.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. उतरलेली बाजू तशीच ठेवली, नुसत्या लाकडाची. उरलेल्या तीन बाजूंना, सातही थरांसकट, वार्निश दिलं. नातू मोठा होईपर्यंत कपाट माळ्यावर, त्याच्या हाताला लागणार नाही असं. खाण्याची वस्तू त्यात कधी ठेवायची नाही हे ठरलं. तिच्या मैत्रिणी येतात आणि कुठून घेतलं म्हणून विचारतात.

या वर्षी ईदला ती घरी आली होती. येताना त्या उघड्या थरांचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता. मी तिला एकेक रंग सांगत गेलो. हा दवाखाना, ही शाळा, ही अम्माची तिजोरी. खालून तिसऱ्या थरावर मात्र मी अडलो. चांगला गुलाबी होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा. गावात असल्या रंगाची इमारत मला काही आठवेना. मिरजेच्या आपाला फोन लावला. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. फोटो बघून थोडा वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "तो कुणाकडचा नव्हे रे. माझ्या लग्नाच्या साली अब्बांनी दुकानातून विकत आणला होता. अर्धा लिटर. उरला त्यात शेजारच्या काकूंनी आपले दोन पाट रंगवून घेतले."